घडीची छत्री वाऱ्यात पुन्हा पुन्हा मोडते: दोष कुठे शोधावा आणि नवी छत्री कशी निवडावी

ही तक्रार बहुतेकांच्या ओळखीची आहे. बॅगेत मावेल अशी घडीची छत्री घेतली जाते, शांत पावसात ती काही दिवस नीट चालते आणि मग एखाद्या इमारतीच्या कोपऱ्यावरून वळताना वाऱ्याचा झोत येतो. छत्री उलटते, ती सरळ करताना एक काडी वाकलेली दिसते आणि त्या दिवसापासून छत्रीचा एक कोपरा लोंबत राहतो. नवी छत्री आणली तरी थोड्याच दिवसांत तिचीही तीच गत होते. असे तीन-चार वेळा झाले की घडीची छत्री वाऱ्यासाठी नसतेच, असे माणूस ठरवून टाकतो, किंवा पुढच्या वेळी अधिक महाग छत्री घ्यायची असे मनाशी पक्के करतो. माझ्या मते हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत, कारण छत्री नेमकी कोठे आणि कशामुळे मोडली हे त्यात कोणी पाहिलेलेच नसते.

गेल्या काही वर्षांत माझ्या घरात मोडलेल्या छत्र्या मी टाकून दिल्या नाहीत. त्यांचे कापड उसवून सांगाडा मोकळा केला आणि प्रत्येक काडी बोटांनी तपासली. काडीचा सलग भाग मधोमध मोडलेला क्वचितच आढळला. मोड जवळजवळ नेहमी सांध्यापाशी होती, म्हणजे जेथे आतली आधारकाडी येऊन मुख्य काडीला रिव्हेटने जोडलेली असते तेथे, किंवा घडी पडते त्या बिजागरीपाशी. रिव्हेटसाठी काडीला भोक पाडावे लागते, भोकाच्या दोन्ही बाजूंना धातूची अगदी पातळ कड उरते आणि वाऱ्याचा सारा ताण नेमका त्या कडेवर येतो. म्हणून छत्री निवडताना कापडाचा रंग, मूठ किंवा बटण पाहण्याआधी सांधे पाहावेत, हे मला या लेखात प्रामुख्याने सांगायचे आहे.

वारा छत्रीवर किती जोर लावतो

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा, म्हणजे सेकंदाला १० मीटर, आपल्या वाटेतल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ६० न्यूटन इतका दाब आणतो. ९५ सेंटिमीटर व्यासाच्या छत्रीचे क्षेत्रफळ सुमारे ०.७ चौरस मीटर भरते. येथे एक गोष्ट निर्णायक ठरते: छत्रीची बाहेरची, फुगीर बाजू वाऱ्याकडे आहे की आतली, पोकळ बाजू. अर्धगोलाकार वाटीची फुगीर बाजू वाऱ्यासमोर धरली तर तिचा रोधगुणांक, म्हणजे तिचा आकार वाऱ्याला किती अडवतो याचे माप, सुमारे ०.४ असतो आणि पोकळ बाजू धरली तर तो सुमारे १.४ होतो. छत्री अर्धगोलापेक्षा बरीच उथळ असल्यामुळे तिच्या बाबतीत हा फरक काहीसा कमी राहतो, तरी ढोबळ अंदाजासाठी हे आकडे पुरेसे आहेत. वर सांगितलेल्या वेगाच्या वाऱ्यात फुगीर बाजू समोर असेल तर हाताला पावणेदोन किलो वजनाएवढा जोर जाणवेल आणि तोच वारा आतून भरला तर सहा किलोंएवढा. म्हणजे वारा तोच आणि छत्रीही तीच असली तरी केवळ धरण्याच्या कोनामुळे काड्यांवरचा भार तिपटीहून अधिक वाढतो.

वाऱ्याचा वेग ठरवण्याच्या बोफर्ट मापनात सहाव्या श्रेणीची, म्हणजे ताशी सुमारे ३९ ते ४९ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याची, एक खूण अशी दिली आहे की छत्री वापरणे कठीण जाते. सातव्या श्रेणीत संपूर्ण झाडे हलू लागतात आणि वाऱ्याविरुद्ध चालताना त्रास होतो. बॅगेत मावणाऱ्या छत्रीकडून सहाव्या श्रेणीपर्यंत तग धरण्याची अपेक्षा रास्त आहे. त्यापुढे ती मिटून घ्यावी आणि रेनकोटावर भिस्त ठेवावी.

पावसाचे गणितही लक्षात घेण्याजोगे आहे. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वारा सेकंदाला १० मीटर वेगाने वाहत असेल तर तो थेंब उभ्या रेषेपासून पंचेचाळीस अंशांहून अधिक तिरपा होतो. अशा सरीत छत्री डोक्यावर सरळ धरली तर कंबरेखालचे अंग भिजणारच. हा छत्रीचा दोष नव्हे आणि केवळ याच कारणासाठी मोठ्या घेराची छत्री घेणे हा त्यावरचा उपायही नव्हे. घेर ९५ वरून ११० सेंटिमीटरवर नेला तर क्षेत्रफळ सुमारे एक तृतीयांशाने वाढते आणि काड्याही लांब होत असल्यामुळे सांध्याला वाकवणारा जोर साधारण दीडपट होतो. म्हणून मोठी छत्री घ्यायचीच असेल तर तिच्या काड्याही त्या प्रमाणात जाड असायला हव्यात, आणि बॅगेत मावणाऱ्या छत्र्यांत तसे सहसा नसते.

मोडीच्या खुणेवरून दोष ओळखणे

छत्री एकदा उलटली, पण मिटून पुन्हा उघडताच पूर्ववत झाली, तर तिच्यात काहीच बिघाड नाही. चांगल्या छत्रीने वाऱ्यापुढे असेच वागावे. झोत आवाक्याबाहेर गेला की तिने उलटून वारा सोडून द्यावा आणि नंतर मूळ आकारात यावे. जी छत्री उलटतच नाही ती अधिक मजबूत, ही समजूत मला चुकीची वाटते. न उलटणाऱ्या छत्रीवरचा सगळा भार कोठेतरी साठतो आणि अखेर एखादा सांधा किंवा दांडा त्याला बळी पडतो.

काडी वाकून तशीच राहिली असेल तर ती बहुधा पातळ पत्र्याची किंवा ॲल्युमिनियमची आहे. इंग्लंडमधल्या सॅम्युअल फॉक्स यांनी १८५२ साली पन्हाळीसारखा, म्हणजे इंग्रजी यू अक्षरासारखा छेद असलेली पोलादी काडी प्रचारात आणली. कमी धातूत अधिक ताठपणा मिळवण्याची ती युक्ती आजही असंख्य छत्र्यांत दिसते. पण अशा काडीला जोवर तिच्या उभ्या दिशेने भार येतो तोवरच ती बळकट असते. झोत तिरका आला आणि काडी पिळली गेली की पन्हाळीच्या कडा दबतात आणि तेथे कायमचा बाक येतो. हाताने सरळ केलेली काडी पुढच्या वेळी त्याच ठिकाणी वाकते, कारण तेथील धातू एकदा दमलेला असतो.

काडी तडकून तिचे तंतू बाहेर आले असतील तर ती फायबरग्लासची आहे. अशा काडीला उघड्या हाताने स्पर्श करू नये, कारण तिची बारीक कुसळे त्वचेत घुसतात आणि लवकर निघत नाहीत. फायबरग्लास पोलादाच्या मानाने बराच कमी ताठ असतो, पण पुष्कळ वाकूनही पूर्वस्थितीत येतो, आणि छत्रीच्या काडीत याच गुणाची खरी गरज असते. फायबरग्लासची काडी मोडलीच तर ती बहुधा धातूच्या टोपणात जेथे शिरते त्या कडेपाशी मोडते, म्हणजे पुन्हा सांध्यापाशीच.

दांडा डगमगत असेल तर दोष काड्यांत नाही. घडीच्या छत्रीचा दांडा एकात एक शिरणाऱ्या नळ्यांचा असतो. जर्मनीतल्या हान्स हाउप्ट यांची १९२८ सालची खिशात मावणारी छत्री याच सरकत्या दांड्याच्या कल्पनेवर उभी होती आणि आजवर या रचनेत मूलभूत बदल झालेला नाही. दांडा पूर्ण ताणल्यावर आतली नळी बाहेरच्या नळीत किती खोलवर उरते यावर त्याची मजबुती ठरते. अधिक लहान घडी होण्यासाठी नळ्यांची संख्या वाढवली की जोडही वाढतात आणि प्रत्येक जोडात थोडी थोडी ढिलाई येते. पाच घड्यांची, तळहाताएवढी होणारी छत्री मी वाऱ्यासाठी कोणालाही सुचवणार नाही. तीन घड्यांची चालू शकते. दोन घड्यांची सर्वांत बळकट, पण तिची लांबी प्रत्येक बॅगेला मानवत नाही.

कापड काडीच्या टोकावरून सुटले असेल तर तो सर्वांत किरकोळ दोष आहे, आणि तरीही कितीतरी छत्र्या एवढ्याशा कारणासाठी टाकून दिल्या जातात. प्लास्टिकच्या किंवा धातूच्या टोपीला असलेल्या भोकातून जाड पॉलिएस्टर दोरा पाच-सहा वेळा ओवून गाठ मारली की काम होते. मात्र एक टोक सुटलेले असताना छत्री वाऱ्यात वापरू नये. त्या काडीवरचा ताण शेजारच्या दोन काड्यांवर जातो आणि पाच मिनिटांच्या दुरुस्तीचे काम सांगाडा मोडण्यापर्यंत जाते.

बटणाच्या छत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे. बटण दाबून केवळ उघडणारी छत्री आणि बटणानेच उघडणारी व मिटणारी छत्री यांत दुसरीची यंत्रणा अधिक गुंतागुंतीची असते. दांड्याच्या आत स्प्रिंग, दोरी आणि कप्पी बसवलेली असते आणि त्यातले काही बिघडले तर घरी दुरुस्त करता येत नाही. शिवाय मिटल्यानंतर दांडा आत ढकलताना हात मध्येच सुटला तर तो जोराने उसळून बाहेर येतो, म्हणून तो चेहऱ्यासमोर धरून कधीही दाबू नये. एका हातात सामान असताना बटणाची सोय फार मोलाची असते, हे मला मान्य आहे. तरीही वाऱ्यात टिकणे हीच पहिली अट असेल तर मी हाताने उघडण्याची छत्री निवडतो. तिच्यात बिघडण्याजोगे भाग कमी असतात आणि वाचलेले वजन काड्यांच्या जाडीसाठी वापरता येते.

दुकानात उभे राहून काय तपासावे

वेष्टनावर ‘विंडप्रूफ’ असे लिहिलेले असणे हा काही पुरावा नव्हे. छत्री हातात घेऊन, उघडून पाहू दिली नाही तर ती न घेणेच बरे. उघडल्यावर प्रथम ती उलटी धरून आतला सांगाडा पाहावा. फायबरग्लासच्या काड्या सहसा भरीव, गोल आणि गुळगुळीत असतात, तर धातूच्या काड्यांना पन्हाळीसारखी खाच दिसते. बऱ्याच छत्र्यांत केवळ शेवटचा, टोकाकडचा तुकडा फायबरग्लासचा असतो आणि मधला भाग ॲल्युमिनियमचा किंवा पत्र्याचा, आणि तरीही वेष्टनावर फायबरग्लासचेच नाव असते. मोड मधल्या सांध्यापाशी होते हे ध्यानात घेतले तर मधला भाग कशाचा आहे, हाच खरा प्रश्न ठरतो. सोबत लहानसे लोहचुंबक नेले तर पोलाद लगेच ओळखता येते. चुंबक चिकटत नाही, पण काडीला खाच आणि धातूची चमक आहे, तर ते ॲल्युमिनियम समजावे.

काडीची जाडी नजरेने लहानसा फरक वाटली तरी तिचा परिणाम मोठा असतो. भरीव गोल काडीची मोडण्याला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तीन मिलिमीटरच्या ऐवजी साडेतीन मिलिमीटरची काडी घेतली तर ही ताकद सुमारे १.६ पट होते. म्हणून दहा किंवा बारा बारीक काड्यांच्या छत्रीपेक्षा आठ जाड काड्यांची छत्री मला अधिक भरवशाची वाटते. काड्या वाढल्या की दोन काड्यांमधले कापड कमी फडफडते हे खरे, परंतु सांधेही त्याच प्रमाणात वाढतात आणि एकूण वजन मर्यादेत ठेवण्यासाठी प्रत्येक काडी बारीक केली जाते.

यानंतर सांध्यांकडे वळावे. उघड्या छत्रीची एक काडी सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटांत धरून हलकेच आडवी हलवून पाहावी. किंचित हालचाल अपेक्षित आहे, पण खडखड आवाज येत असेल किंवा काडी आडवी कलंडत असेल तर ती छत्री परत ठेवावी. रिव्हेटच्या भोवती काडीचा पत्रा दुहेरी केलेला किंवा त्यावर वेगळे टोपण बसवलेले असेल तर ती चांगली खूण समजावी. त्यानंतर एका काडीचे टोक आतून वरच्या दिशेने, उलटण्याच्या दिशेने, सावकाश ढकलावे आणि सोडावे. काडी सहजपणे वाकून झटकन जागेवर आली पाहिजे. हीच कसोटी समोरासमोरच्या दोन-तीन काड्यांवर करावी, कारण एकाच छत्रीतल्या दोन सांध्यांची घट्टाई सारखी असेलच असे नाही.

शेवटी मूठ एका हातात आणि दांड्याचे वरचे टोक दुसऱ्या हातात धरून हलका पीळ द्यावा. गोल नळ्या एकमेकींत फिरू शकतात आणि कंगोरे असलेल्या किंवा षटकोनी नळ्या फिरत नाहीत, म्हणून वाऱ्यात दुसऱ्या प्रकारचा दांडा अधिक स्थिर राहतो. दांड्यासाठी पोलाद वजनदार असले तरी मला तेच पसंत आहे, कारण ॲल्युमिनियमच्या पातळ नळीला एकदा पोचा पडला की नळ्या नीट सरकत नाहीत. फार हलक्या, दोनशे ग्रॅमच्या आतल्या छत्रीत या साऱ्या गोष्टी बसवणे अवघड असते. साडेतीनशे ते साडेचारशे ग्रॅम वजन आणि मिटल्यावर तीस सेंटिमीटरच्या आसपास लांबी ही मला रोज बाळगता येण्याजोगी मर्यादा वाटते. मापे वाचताना एक खबरदारी घ्यावी: काही ठिकाणी घेर सरळ रेषेत न मोजता कापडाच्या फुगवट्यावरून मोजलेला असतो, त्यामुळे छापलेला आकडा प्रत्यक्ष व्यासापेक्षा मोठा दिसतो.

दुहेरी कापडाच्या छत्र्यांविषयी बरेच बोलले जाते. वरच्या कापडाखाली झरोका ठेवून आत भरलेला वारा त्यातून बाहेर जाऊ द्यायचा, ही कल्पना योग्य आहे आणि तिचा उपयोग होतो. परंतु काही छत्र्यांत दुसरा थर केवळ शोभेचा असतो आणि तो सर्व बाजूंनी शिवून टाकलेला असतो. आतून हात घालून दोन थरांमध्ये बोटे जातात का ते पाहावे. जात नसतील तर तो झरोका नाही, केवळ कापडाचे वजन आहे. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथील तंत्रविद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी याहून वेगळा मार्ग शोधला. त्यांनी छत्री पुढे आखूड आणि मागे लांब केली, त्यामुळे ती वाऱ्यात आपोआप योग्य कोनात वळते. ही रचना २००६ सालापासून बाजारात आहे आणि घडीच्या रूपातही मिळते. नेहमी मोकळ्या, वाऱ्याच्या वाटेने चालणाऱ्याने तिचा विचार अवश्य करावा.

कापडाबाबत थोडक्यात सांगता येईल. दाट विणीचे पॉलिएस्टर, ज्याला दुकानात पाँजी म्हणतात, ते नायलॉनच्या मानाने भिजल्यावर कमी सैल पडते. प्रकाशाकडे धरल्यावर विणीतून किंवा शिवणीतून उजेडाचे ठिपके दिसत असतील तर तेथून तुषार आत येतील.

चांगली छत्रीही मोडते ती हाताळणीमुळे

छत्री वाऱ्याकडे झुकवून, फुगीर बाजू समोर ठेवून उघडावी. पाठीमागून वारा असताना ती सरळ धरली तर मागची कड उचलली जाते आणि वारा आत शिरतो. झोत येतो असे जाणवले की छत्री डोक्याच्या जवळ ओढावी आणि दुसऱ्या हाताने दांडा वर, सरकत्या कडीच्या (छत्री उघडताना दांड्यावरून वर सरकते तिच्या) खाली पकडावा. त्यामुळे मनगटावरचा ताण कमी होतो आणि नळ्यांच्या जोडांवरचा भारही हलका होतो. इमारतींच्या कोपऱ्यावर आणि पुलावर चढताना वाऱ्याची दिशा एकाएकी बदलते. तेथे पोहोचण्याच्या दोन पावले आधीच छत्री अर्धवट मिटून घेतलेली बरी.

छत्री उलटलीच तर काड्या एकेक करून ओढू नयेत. बहुतेक सांधे याच वेळी, वारा ओसरल्यावर आणि आपल्याच हातून मोडतात. पाठ वाऱ्याकडे करून आडोसा घ्यावा आणि सरकती कडी सावकाश खाली ओढून छत्री मिटावी. चांगल्या सांगाड्याच्या काड्या मिटता मिटता आपोआप जागेवर येतात. कडी अडकली तर जोर न लावता कोणती काडी आडवी गेली आहे ते पाहून तेवढीच सांध्यापाशी धरून वळवावी. विजा चमकत असतील तर दांडा आणि काड्या कशाच्याही असोत, छत्री मिटून पक्क्या इमारतीत जावे.

घरी आल्यावर ओली छत्री पिशवीत कोंबून ठेवणे हे सांध्यांच्या ऱ्हासाचे मोठे कारण आहे. रिव्हेटभोवती गंज धरतो, तो फुगतो, सांधा घट्ट होतो आणि पुढच्या वेळी उघडताना जोर लावावा लागून काडी वाकते. छत्री अर्धी उघडी ठेवून सावलीत पूर्ण वाळवावी, कारण पूर्ण ताणून ठेवल्यास कापडाच्या शिवणींवर विनाकारण ताण येतो. कापडावरून पाणी ओघळण्याऐवजी त्यात मुरू लागले असेल तर कोमट पाण्याने, साबणाचा अंश न राहू देता धुऊन वाळवावे आणि केस वाळवण्याच्या यंत्राची मध्यम ऊब दुरून फिरवावी. कापडावरचा मूळ जलरोधक लेप शिल्लक असेल तर तो पुन्हा काम देऊ लागतो. तेवढ्यानेही पाणी मुरतच राहिले तर जलरोधक फवारा मारावा लागतो.

पावसाळा सुरू होण्याआधी आणि मध्यावर एकदा, अशी दोनदा तपासणी मी करतो. आठही टोकांचे दोरे ओढून पाहतो आणि सैल झालेला दोरा लगेच पुन्हा ओवतो. प्रत्येक रिव्हेटवर शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सुईच्या टोकाने सोडतो आणि छत्री चार-पाच वेळा उघडून-मिटून जास्तीचे तेल कापसाने टिपून घेतो, कारण ते कापडावर उतरले तर डाग पडतो आणि त्या जागी पाणी मुरू लागते.